कोरड्या हौदातल्या पाठी

आधी तो नळ नीट बंद कर रे. टिपटिप चालू असली की मला सांगता येत नाही. आणि तू, तो मोबाइल घाल खिशात. भुताची गोष्ट ऐकायची म्हणे, आणि हातात दिवा! तुमच्यासारख्या भित्र्यांना भूत कशाला लागतं, झुरळ पुरतं.

ही कुठली ऐकीव थाप नाही. तू बसलायस ना, त्याच बाकावर तो माणूस लोकांच्या पाठी चोळायचा. दांग युंगचांग त्याचं नाव. या हमामखान्यात पुष्कळ उस्ताद आले नि गेले, पण आपल्या ली डोंगराच्या पायथ्याला त्याच्यासारखा हात झाला नाही. शीआनहून लोक गाडी करून यायचे, त्याच्यापुढे पालथे पडायचे आणि वासरासारखे गप्प व्हायचे. मी तेव्हा दाराशी चपला सांभाळायचो. आता तुम्हाला सांभाळतो. चपला बऱ्या होत्या.

हात सोन्याचा, पण तोंड? गटार. सगळी दुनिया नागवी बघितलेला माणूस तो. कुणाची म्हणून किंमत नव्हती त्याला. साहेब असो की हमाल, मळ एकाच रंगाचा, म्हणायचा. गिऱ्हाइकांची तोंडं त्याच्या कधी लक्षात राहिली नाहीत, राहायच्या त्या पाठी. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ओळख द्यायचा नाही. तो माणूस पुढे गेला की मागून बघायचा आणि म्हणायचा, "अच्छा, हा तो वाकडा मणका होय!"

बायको त्याची या तोंडापायीच माहेरी गेली ती गेली. घरी तो आणि म्हातारी आई. आणि एक धाकटा भाऊ होता, लिन. तोही इथंच पाठी चोळायचा. हात जरा मंद, तोंड चालू. म्हाताऱ्यांना फुकटात दोन तांबे गरम पाणी जास्त ओतायचा. एका रविवारी, दालन गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, दांगनं त्याच्या हातातला चोळायचा मोजा खेचून काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "डुकरं धूत जा तू. ती तक्रार करत नाहीत."

लोक खो खो हसले. लिनही हसला. मग त्यानं अंग पुसलं, कपडे चढवले आणि गेला. तो घरी गेलाच नाही. फोन नाही, निरोप नाही, नव्या वर्षालासुद्धा आला नाही. वर्षं उलटली. तो जिवंत आहे का मेलाय, एवढा एकच प्रश्न त्या घरात उरला होता. म्हातारी रात्री दाराला कडी लावत नसे. हिवाळ्यात फटीतून वारा यायचा, ती खोकून खोकून निळी पडायची, पण कडी नाही म्हणजे नाही. पोर रात्री-अपरात्री आलं आणि दार बंद दिसलं तर?

दांगचं डोकं फिरायचं. "आई, अगं मेला असेल तो. जिवंत माणूस आईला एक फोन करत नाही होय?"

"फोन करायला तोंड ठेवलंस का तू त्याला?" म्हातारी म्हणायची.

आता रात्र सांगतो. दोन हजार तेवीस साल, तेरा नोव्हेंबर, सोमवार. चांद्र दहाव्या महिन्याची पहिली रात्र. म्हणजे कोणती, ते तुम्हाला सांगायला नको. की नको तेच सांगायला हवं? घरी कपडे जाळता ना रे मेलेल्यांसाठी? का तेही आता मोबाइलवर जाळता? थंडी पडायच्या आत आपल्या मेलेल्या माणसांना कागदी कोट, कागदी विजार, आत कापूस घालून पाठवायची रात्र ती.

म्हातारीनं दांगला बापासाठी एक जोड आणायला सांगितला होता. यानं दोन आणले. एक तिला दाखवला, दुसरा झोळीत लपवला. तो लिनच्या नावानं जाळायचा बेत होता त्याचा. एकदाचं नाव मेलेल्यांत घातलं, मग आईला सांगायचं, झालं ते झालं, आता कडी लाव आणि गप झोप. त्याच्या लेखी ही दया होती. त्याची दयासुद्धा अशी, तोंडात मारल्यासारखी.

पण पोरांनो, ज्याचं मढं डोळ्यांनी बघितलं नाही त्याच्या नावानं कपडे जाळायचे नसतात. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दांगलाही ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं ते थुंकून टाकलं.

त्या रात्री त्याला आणखी एक काम होतं. सम्राटाच्या अंघोळीच्या जुन्या राजवाड्याचा रात्रीचा पहारेकरी मू काका, त्याची पाठ धरली होती. इथवर चालवत नव्हतं म्हणून त्यानं दांगला खोलीवर बोलावलं होतं. झऱ्याचं गरम पाणी काय, तिथं हाताशी. दांग दुपारी कामाला निघाला तेव्हा म्हातारी म्हणाली, "कपडे चौकात जाळ आणि सरळ घरी ये. आज राजवाड्याकडे फिरकू नकोस."

"का? सम्राटानं मनाई केलीय?"

"नवे कपडे मिळाल्यावर माणूस अंघोळ करूनच घालतो, चांग. मेलेलेही माणसंच. आणि आपल्या गावात अंघोळीची जागा म्हटली की..."

"मेलेल्यांना तिकीट पडतं का गं तिथं? की म्हाताऱ्यांना अर्धं?" असं म्हणून दात काढत तो बाहेर पडला.

हमामखाना बंद झाल्यावर, म्हणजे दहा वाजून गेल्यावर, तो राजवाड्याच्या मागच्या भिंतीखालच्या चौकात आला. चौकभर विझत आलेले राखेचे ढीग होते. शेजारची कपडे शिवणारी हुई बाई तेवढी उरली होती, नवऱ्याची राख काडीनं सारखी करत. दांगनं खडूनं गोल काढला, कबरीच्या दिशेला फट सोडली, बापाचं नाव घेतलं. कागद भसाभसा पेटला. मग त्यानं दुसरा गोल काढला, झोळीतून निळा कागदी कोट काढला, त्यावर लिहिलं, दांग युंगलिन.

"अहो दांग उस्ताद," हुई बाई म्हणाली, "हा कुणाचा?"

"तुमच्या नवऱ्याला एक पुरत नव्हता ना, म्हणून जास्तीचा."

बाई उठली आणि घरी गेली. दांगनं काडी ओढली. विझली. दुसरी विझली. वारा तर पडलेला होता. "कपडेसुद्धा धड घेता येत नाहीत का रे तुला, गाढवा?" तो पुटपुटला आणि तोंडातली सिगारेटच कोटाला टेकवली. कोट आतून काळा पडत गेला, पण ज्वाळा काही निघाली नाही. राख होईपर्यंत तो थांबला आणि मागच्या फाटकाकडे वळला.

फाटक लोटलेलं होतं. मू काकाच्या खोलीत दिवा होता, शेगडीवर किटली उकळत होती, म्हातारा नव्हता. गस्तीवर गेला असेल म्हणून दांग बाहेर पायरीवर बसला. समोर हौदाचं दालन काळंभोर उभं. दिवसा तिथं माणसांची चेंगराचेंगरी असते. खड्डा बघायला येतात. दगडाचा, कोरडा, हजार वर्षांत ज्यात कुणी पाय बुडवला नाही असा खड्डा. का, तर सम्राटाच्या लाडकीनं तिथं अंघोळ केली. केली असेल बापडीनं! आपल्याकडे रोज शंभर जण करतात, कुणी फोटो काढत नाही. दांगला तर त्या लोकांची किळस यायची. "कोरड्या हौदाला नमस्कार करतात आणि घरी अंग घासत नाहीत," म्हणायचा.

तर तो बसलाय. आणि आवाज आला.

खर्र... खर्र...

आता हा आवाज तुम्हाला सांगायला नको. ओल्या पाठीवर चोळायचा मोजा फिरतो ना, तो. दालनातून येत होता.

दांगला भीती वाटली असेल असं वाटतं ना तुम्हाला? हॅट्! त्याला राग आला. मू काकानं आपल्याला बोलावून दुसऱ्या कुणाकडून तरी पाठ चोळून घेतली, असं वाटलं त्याला. आणि तो दुसरा कोण, तर कच्चा. आवाजावरूनच कळत होतं, मोजा खालून वर ओढत होता. त्यानं मळ निघत नाही, नुसती कातडी सोलते. दांगला राहवेना. झोळी उचलली आणि गेला तरातरा. दालनाचं दार उघडं होतं, एका माणसापुरतं.

आत ऊब होती.

ती त्याला आधी जाणवली नाही, कारण जन्म हमामखान्यात गेलेला. उबेत शिरला की त्याला घरी आल्यासारखं वाटायचं. वास तोच. गंधकाचा, ओल्या अंगाचा, साबणाचा. दोन पावलं गेला तेव्हा डोक्यात आलं, अरे, इथं तर पाणी नाही. मोबाइलचा दिवा लावला. समोर पांढरी भिंत. वाफ. दिवा आत जाईना. त्यानं दिवा खाली, पायांकडे केला. फरशी ओली.

"मू काका?"

खर्र थांबलं.

तो कठड्यापाशी आला. कठड्यावर कपडे वाळत घातल्यासारखे टाकलेले. त्यानं एक चाचपला. कागद. दुसराही कागद. सगळे कोरे, करकरीत, कुठं जळल्याची खूण नाही.

वाफ जरा विरली.

हौदाच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. रांगेत. पाण्यात कमरेपर्यंत. सगळी पाठमोरी. म्हातारे, तरणे, एक दोन पोरंही. कुणी हलत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. शंभर माणसं एका पाण्यात, आणि चुळबूळ नाही... श्वास नाही...

त्याच्या समोरची पाठ थोडी मागे झुकली. गिऱ्हाईक झुकतं तशी. माझी पाळी, उस्ताद.

पळायचं ना त्यानं? तुम्ही म्हणाल, आम्ही पळालो असतो. पळाला असतात, माहितीय. पण तीस वर्षं समोर पाठ आली की जो गुडघे टेकतो, त्याचे गुडघे टेकले. मोजा हातात चढला. तो चढवल्याचंसुद्धा त्याला आठवत नव्हतं. तांब्यानं पाणी घेतलं. पाणी कढत. पाठीला हात लावला. पाठ गार. हिवाळ्यातल्या फरशीसारखी.

हात चालू झाला. वरून खाली. उजवा खांदा, उजवी बरगडी, उजवी कंबर. मळ वळ्या वळ्या होऊन निघाला. झाली उजवी बाजू. डावीकडे आला. खांद्यापासून खाली एक ओढ घेतली आणि पाखोट्यापाशी हातानं आपणहून वळसा घेतला.

हात थांबला.

तिथं चामखीळ होती. वाटाण्याएवढी. दांगनं ती बघितली नव्हती, अंधारच एवढा होता. हातानं ओळखली. सात वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी न्हाऊ घालताना, दुखू नये म्हणून जो वळसा घ्यायचा, तो हातानं घेतला.

"लिन?"



आणि ऐका, त्या वेळेला त्या माणसाच्या मनात काय आलं असेल? बरं वाटलं त्याला! त्यानं स्वतः सांगितलंय मला. मनात म्हणाला, मेलाच की. मी म्हणतच होतो. आता आईला सांगता येईल. छातीवरची धोंड उतरल्यासारखं झालं त्याला. फक्त एकदा तोंड बघायचं. खात्री करायची.

उताणं व्हायला गिऱ्हाइकाला कसं सांगतो आपण? उघड्या तळव्यानं पाठीवर दोन थापा. बोलायचं काम नाही. त्यानं दोन थापा मारल्या.

थप्. थप्.

ती पाठ वळली नाही.

बाकीचे वळले.

सगळे. पूर्ण रांग. एकदम.

... तोंडं कशी होती, ते त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एकटा लिन तेवढा पाठमोरा राहिला. त्या सगळ्यांत एकटा. मान खाली घालून. आणि मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक, झोपेतून उठवलेल्या पोरासारखा.

"दादा... मला थंडी नव्हती रे."

दांगचा तळवा तसाच त्या पाठीवर होता.

"मी पत्ते खेळत होतो..."

तो कसा बाहेर आला, ते त्याला कळलं नाही. फाटकापाशी मू काकाच्या अंगावरच आदळला. म्हातारा शिव्या द्यायला लागला. "कुठं उलथला होतास? मी पुढच्या फाटकाला कुलूप घालून येतो तोवर किटली आटली माझी."

"दालन..." दांग म्हणाला. "दालन उघडं..."

"उघडं? पाचला कुलूप घातलंय. ही बघ किल्ली माझ्या कमरेला. चढवून आलायस होय?" म्हाताऱ्यानं विजेरी मारली. दाराला हे एवढं कुलूप. फरशी ठणठणीत कोरडी.

दांग घरापर्यंत धावत गेला. दार उघडंच होतं. म्हातारी विटांच्या उबदार ओट्यावर बसली होती, शाल पांघरून. यानं दारातच सगळं सांगितलं. दोन जोड आणले ते, निळा कोट, नाव, हौद, पाठ, चामखीळ. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "वळला का तो?"

"नाही."

"थापा मारल्यास तरी?"

"बाकीचे वळले. तो नाही वळला."

म्हातारी उठली. पेटीतून लिनचा जुना सदरा काढला. "मेलेले वळले. माझं पोर वळलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे जिवंत आहे अजून. तू त्याला त्यांच्यात नेऊन बसवलंस, मेल्या. चल ऊठ."

मग त्या थंडीत ती म्हातारी चौकात उभी राहिली. हरवलेला जीव परत बोलवायला आपल्याकडे जशी हाक मारतात, तशी सदरा हलवत हाका मारायला लागली. "लिन, घरी ये रे! लिन, घरी ये!" अशा हाकेला घरच्या माणसानं 'आलो' म्हणायचं असतं, जीवाच्या वतीनं. दांगनं जन्मभर या प्रकाराला हसून घेतलं होतं. आता तिच्यामागून चालत तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "आलो, आई, आलो!" चौकापासून घरापर्यंत, घरापासून चौकापर्यंत. लोकांनी खिडक्या उघडल्या. कुणी म्हणालं, दांग उस्तादाला चढलीय. कुणी हसलं. तो ओरडत राहिला. म्हातारीचा आवाज बसला, तेव्हा दोन्हीकडचं तोच ओरडायला लागला. हाकही त्याचीच आणि ओही त्याचीच. हे मी माझ्या खिडकीतून ऐकलंय, आणि खोटं कशाला सांगू, हसणाऱ्यांत मीही होतो.

उजाडल्यावर तो कामाला आला. घरी बसवेना म्हणून. डोळे तांबारलेले, आवाज गेलेला. भट्टी पेटली नव्हती अजून. तो त्या बाकावर बसला होता आणि इथला फोन वाजला. फोन मी उचलला. दक्षिणेकडची बोली, धड समजेना. दांग उस्ताद हवेत म्हणाला. मी याला दिला आणि शेजारीच उभा राहिलो. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

तो माणूस वेई. समुद्राकाठच्या कुठल्याशा चपलांच्या कारखान्यातला, लिनच्या खोलीतला. नंबर कसा मिळाला म्हणाल, तर लिन त्याला नेहमी सांगायचा, आमच्या गावच्या हमामखान्यात माझा दादा आहे, तसा उस्ताद अख्ख्या चीनमध्ये नाही. तेवढ्यावर शोधला त्यानं.

"रात्री अकराला दिवे घालवतात आमच्याकडे," वेई म्हणाला. "तोवर आमच्याबरोबर पत्ते खेळत होता. चांगला जिंकत होता. मध्येच पान हातात धरून थांबला, म्हणाला, कुणीतरी हाक मारतंय का रे? मग झोपतो म्हणाला. सकाळी उठवायला गेलो तर..."

दांग बाकावरून उठला.

"डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. झोपेतच गेला. त्रास नाही झाला. पण दादा, एक विचारायचं होतं. आमच्याकडे मयताला अंघोळ घालतात, म्हणून मी सदरा काढला त्याचा. खोलीत तर नळाला परवापासून पाणी नाहीय. आणि त्याची पाठ..."

"बोल."

"एका बाजूला लालबुंद आहे. स्वच्छ. आत्ता कुणी चोळल्यासारखी. दुसऱ्या बाजूला खांद्याखालचा एक पट्टा सोडला तर मळ तसाच. मधोमध सरळ रेघ आहे, दादा. असं कशानं होतं?"

दांगनं मोजा चढवायचा आपला हात डोळ्यांसमोर धरला.

"स्वच्छ बाजू उजवी ना?" दांगनं विचारलं.

"... हो. तुम्हाला कसं कळलं?"

"डावीला पाणी लावू नका," दांग म्हणाला. "मी येतोय."